गांडुळाच्या अंगातलं कॅडमियम

गांडुळं सोडली की जमीन आपोआप शुद्ध होते, असं हल्ली सर्रास ऐकू येतं. कृषी प्रदर्शनातला गांडूळखताचा स्टॉलवाला तेच सांगतो, गच्चीवर भाजी लावणाऱ्या माझ्या मैत्रिणीही तेच सांगतात. उन्हाळ्यात सांगोल्याहून तात्या आले होते, माझ्या आत्याचे यजमान. त्यांनीही चहा पिता पिता तोच विषय काढला. "गांडुळं समदं इष खाऊन टाकत्यात म्हनं. मंग नाल्याचं पानी दिलं तर काय बिघडतंय?" त्यांच्या भावकीतल्या एकाची जमीन सोलापूरच्या बाहेर नाल्याकाठी आहे. त्या पाण्यावर कधी निळी, कधी तांबडी झाक येते, आणि त्याच पाण्यावर मेथी-पालक निघतो.

मी प्राणिशास्त्र शिकवते. एम. एस्सी.ला असताना गांडुळांवर काम केलं, तेव्हापासून या प्राण्यावर माझा जीव आहे. म्हणूनच त्याच्या नावावर खपवली जाणारी ही गोष्ट मला फार सलते. गांडूळ विष खातं, हे खरं. खाल्लेल्या विषाचं पुढं काय होतं, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे.

शेण, पाचट, भाजीचा कचरा गांडूळ आणि जिवाणू मिळून मोडतात. त्यातल्या कर्बाचा बराचसा भाग वायू होऊन हवेत जातो. कीटकनाशकाचा रेणूसुद्धा लवकर म्हणा, उशिरा म्हणा, तुटतो. शिसं तुटत नाही, कॅडमियम तुटत नाही. हे विषारी धातू म्हणजे मूलद्रव्यं आहेत. कुठल्याही प्राण्याच्या पोटात त्यांचं दुसरं काही होऊ शकत नाही. ती फक्त जागा बदलतात, किंवा ज्याला चिकटलेली आहेत ते सोडून दुसऱ्याला चिकटतात. आज मातीत, उद्या गांडुळात, परवा पुन्हा मातीत, नाहीतर बगळ्यात.

गांडुळाच्या अंगात धातू शिरतो तो दोन वाटांनी. पहिली वाट कातडीची. त्याला फुफ्फुसं नाहीत, कल्ले नाहीत. ते सगळा श्वास कातडीतून घेतं आणि त्यासाठी कातडी सतत ओली लागते. मातीच्या कणांमधल्या फटींत जे पाणी साठलेलं असतं, त्यात धातूचे विरघळलेले आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, असतात, आणि गांडूळ त्या पाण्यातच राहतं. कॅडमियमचा आयन आकारानं जवळपास कॅल्शियमच्या आयनाएवढा, विद्युतभारही तोच. त्यामुळे पेशींनी कॅल्शियम आत घ्यायला ठेवलेल्या मार्गानं कॅडमियम बिनबोभाट आत येतं. पेशीला फरक ओळखताच येत नाही.

दुसरी वाट तोंडाची. गांडूळ माती गिळतच पुढं सरकतं. मातीच्या कणाला घट्ट चिकटलेलं शिसं कातडीतून जाऊ शकत नाही, पण मातीबरोबर गिळलं जातं. आतड्यात बाहेरच्यापेक्षा वेगळी आम्लता असते, चिकट स्राव असतात, जिवाणूंची दाटी असते. तिथं काही धातू कणापासून सुटतो आणि आतड्याच्या भिंतीतून शरीरात जातो. बाकीचा मातीसोबत सरळ मागून बाहेर. हा बाहेर पडलेला धातू "गांडुळानं टाकला" असं म्हणणं बरोबर नाही, कारण तो त्याच्या शरीरात कधी गेलेलाच नव्हता. नळीतून आला आणि नळीतून गेला.

प्रयोगशाळेत या एका गोष्टीसाठी केवढी काळजी घ्यावी लागते! गांडुळाच्या पोटात माती भरलेली असताना त्याचं मांस तपासलं, तर येणारा आकडा मातीचाच. म्हणून आधी त्याला स्वच्छ पाण्यात धुवायचं आणि काचेच्या बशीत ओल्या फिल्टर पेपरवर रात्रभर ठेवायचं. मधे एकदा कागद बदलायचा, नाहीतर ते आपलीच विष्ठा पुन्हा खातं. सकाळी झाकण काढलं की पांढऱ्या कागदावर काळ्या मातीच्या बारीक गोळ्या ओळीनं पडलेल्या दिसतात. गांडूळ हलकं, जवळजवळ पारदर्शक झालेलं असतं. पाठीवरून जाणारी रक्ताची नळी लालबुंद दिसते, आतलं रक्त लाटेसारखं पुढं सरकताना दिसतं. दिव्यासमोर धरलं की आतड्याला बाहेरून बिलगलेला पिवळसर तपकिरी थर दिसतो. या थरावर मी तासन्‌तास नजर लावून बसलेली आहे.

त्या पेशींचं नाव क्लोरॅगोजेन. आपल्या यकृताची बरीचशी कामं गांडुळात त्या करतात. चरबी आणि ग्लायकोजेन साठवतात, युरिया तयार करतात, आणि आत आलेल्या धातूचा बंदोबस्तही करतात. बंदोबस्त दोन तऱ्हांचा. शिशासाठी आणि जस्तासाठी फॉस्फेटचे बारीक कण असतात. त्यांत कॅल्शियम असतं, त्याच्या जोडीला शिसं आणि जस्त जाऊन बसतं. कॅडमियमला फॉस्फेटचं फारसं आकर्षण नाही, त्याला गंधक लागतं. त्यासाठी शरीर मेटॅलोथायोनिन नावाची प्रथिनं बनवतं. यांचा पहिला शोध १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात लागला. गंधक असलेलं सिस्टीन हे अमिनो आम्ल त्यांत ठासून भरलेलं असतं, त्यामुळे कॅडमियमचे अणू तिथं पक्के पकडले जातात. माझी आजी सुटे पैसे पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवायची. ते घरातच असायचे, पण सहज कुणाच्या हाती लागत नसत. गांडुळाच्या अंगातल्या कॅडमियमचं असंच आहे. ते आतच असतं, पण बांधलेलं, म्हणून गांडूळ जगतं.

बांधून ठेवणं आणि बाहेर टाकणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१० साली यासाठी एक चाचणी ठरवून दिली, क्रमांक ३१७. गांडुळं २१ दिवस दूषित मातीत ठेवायची, मग तितकेच दिवस स्वच्छ मातीत, आणि ठरावीक दिवसांनी काही गांडुळं काढून तपासायची. गांडुळाच्या अंगातल्या जस्ताचा आलेख थोड्याच दिवसांत वर जाऊन थांबतो. स्वच्छ मातीत नेल्यावर तो लगेच खालीही येतो. जस्त आणि तांबं शरीराला थोडं लागतंच, लाखो वर्षांच्या सवयीनं गांडुळाला त्याचं माप सांभाळता येतं. कॅडमियमचा आलेख मात्र चढतच राहतो. स्वच्छ मातीत आणलं तरी उतरायचं नाव घेत नाही. शिसं या दोघांच्या मधे. म्हणून मातीत जेवढं कॅडमियम असेल त्याच्या कित्येक पट गांडुळात सापडू शकतं. शिसं बहुतेक वेळा मातीपेक्षा गांडुळात कमीच भरतं.

बाहेर टाकायचे मार्ग अगदीच नाहीत असं नाही. बहुतेक वळ्यांत उत्सर्जन नळ्या आहेत, त्यांतून थोडं जातं. कातडीवरच्या बुळबुळीत स्रावातून जातं. डिवचलं की पाठीवरच्या छिद्रांतून देहद्रव उडतो, त्यातून जातं. काही जातींच्या अन्ननलिकेजवळ चुन्याच्या ग्रंथी असतात. त्या कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे बनवतात, खड्यांत थोडं शिसं अडकतं आणि ते मातीत पडतात. झिजलेल्या पेशी, गळलेले ताठर केस, टाकाऊ कण यांचे तपकिरी गोळे देहपोकळीत मागं मागं सरकत शेपटाकडे साठतात. काही गांडुळं शेपटाचे शेवटचे वळे तोडून टाकतात, तेव्हा हा सगळा ठेवा एकदम अंगावेगळा होतो. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत विलक्षण वाटते. पण कॅडमियमच्या बाबतीत हे सगळे मार्ग मिळूनही फार तोकडे पडतात. उरलेलं कॅडमियम सुटतं ते गांडूळ मेल्यावर, आणि ते कुठं सुटतं? त्याच मातीत.

इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात तांब्याची आणि आर्सेनिकची एक जुनी बंद खाण आहे, डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स. तिथल्या मातीत स्वच्छ रानातली गांडुळं सोडली तर टिकत नाहीत, पण तिथंच वाढलेली गांडुळं खुशाल नांदतात. म्हणजे "आमच्या शेतात भरपूर गांडुळं आहेत, मग माती चांगलीच असणार" हेही सरळ धरून चालता येत नाही. नुसती गांडुळं असणं हा मातीच्या शुद्धतेचा दाखला नव्हे.

आता आपल्या सोलापूरच्या मातीचं. इथं आपलं नशीब थोडं चांगलं आहे. आपली काळी माती चिकण, चुनखडीची, जागोजागी चुन्याचे खडे. तिचा सामू (पीएच) बहुधा आठच्या वर, म्हणजे ती क्षारधर्मी. अशा मातीत शिसं आणि कॅडमियम बऱ्यापैकी जखडून राहतं, फटींतल्या पाण्यात कमी उतरतं. कोकणातल्या आम्लधर्मी तांबड्या मातीत तेवढंच कॅडमियम असेल, तर तिथल्या गांडुळाच्या अंगात ते जास्त जाईल. पण ही सवलत सगळ्या धातूंना नाही. क्रोमियमचं सहा संयुजेचं रूप पाण्यात ऋणभारित असतं, चिकणमातीचे कणही ऋणभारित. त्यामुळे ते मातीला चिकटून बसत नाही, आणि जमीन जेवढी क्षारधर्मी तेवढं ते मोकळं फिरतं. याच रूपातलं क्रोमियम विषारी.

सोलापूरसारख्या रंगाच्या गावात हे माहीत असायला हवं. चादर आणि टॉवेल म्हटलं की सूत आलं, सूत आलं की रंगाई आली. पूर्वी सल्फर रंग पक्के करायला पोटॅशियम डायक्रोमेट वापरायची पद्धत होती. टॉवेलवरचा तो सुंदर फिरोजी रंग बहुधा ज्या रेणूमुळे येतो, त्याच्या मधोमध तांब्याचा अणू असतो. रंगाशिवायही धातू येतात. जुन्या बॅटऱ्यांची फोडाफोड, निकेल-क्रोमचा मुलामा देणारी छोटी दुकानं, बॉयलरची राख. २००० सालापर्यंत आपल्या देशात शिसं घातलेलं पेट्रोल मिळत होतं, त्याचं शिसं रस्त्याकडेच्या मातीच्या वरच्या थरात अजून असतं. आणि एक गोष्ट तात्यांना मी मुद्दाम सांगितली: पाण्याचा रंग बघून धातू ओळखता येत नाही. तांबडं दिसणारं पाणी नुसत्या रंगाचं असू शकतं, आणि काचेसारख्या नितळ पाण्यात कॅडमियम असू शकतं.

तात्या म्हणाले, "आमच्याकडं कुठला नाला? आमचं बोअरचं पानी." मग मी त्यांच्याच बागेकडे वळले. तात्यांची डाळिंबाची बाग आहे, आणि डाळिंब म्हटलं की तेल्या. पानाफळांवर तेलकट डाग पडतात आणि फळ चिरतं. त्यासाठी बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या चालतात. एक टक्का मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद (तांब्याचं सल्फेट) आणि एक किलो कळीचा चुना. तात्यांचं मिश्रण करणं मी लहानपणापासून बघत आले आहे. मोरचूद एका प्लॅस्टिकच्या बादलीत, चुना दुसऱ्या बादलीत, दोन्ही निवलेली, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतायची आणि काठीनं ढवळायचं. आकाशासारखा निळा रंग येतो. नंतर तात्या घासून लख्ख केलेला विळा त्यात बुडवतात आणि थोड्या वेळानं वर काढतात. पात्यावर तांबूस थर दिसला, तर तांबं अजून मोकळं आहे, आणखी चुना घालायचा. विळा होता तसाच निघाला की मिश्रण जमलं. वर्गात मी मुलांना हा विळा सांगते. लोखंडानं तांब्याला पाण्यातून ओढून स्वतःवर घेतलेलं असतं.

एक किलो मोरचुदात साधारण पाव किलो तांबं असतं. फवारलेलं तांबं पानावरून, फळावरून, पावसाच्या पाण्याबरोबर शेवटी झाडाखालच्या मातीत येतं, आणि वरच्या वितभर थरातच राहतं, म्हणजे गांडुळं जिथं असतात नेमकं तिथं. तांब्याचं माप गांडूळ सांभाळतं असं मी वर म्हटलं, पण त्याला मर्यादा आहे. ती ओलांडली की आधी गांडुळानं घातलेले अंड्यांचे कोश कमी होतात, मग पिलं कमी होतात. मोठी गांडुळं दिसत असतात, म्हणून शेतकऱ्याला कळत नाही. इंग्लंड-हॉलंडमधल्या जुन्या सफरचंदाच्या बागांत वर्षानुवर्षं तांब्याचे फवारे मारले गेले. तिथं गांडुळं इतकी घटली की पडलेला पाला न कुजता झाडाखाली थरावर थर साचला. तात्या बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमच्या जुन्या बागंत पाला कुजत न्हाई गं. मी म्हनलं पानी कमी पडतंय."

पाणीही कमी पडत असेल. सांगोल्यात पाणी कमी पडायला काय लागतं! एवढ्यावरून त्यांच्या बागेत तांबं साठलंय असं मी म्हणणार नाही, त्यासाठी माती तपासायला हवी. पण बागेला एकेक वर्ष होत जाईल तसं तांबं वाढतच जाणार, ते कुठं जाणार नाही, एवढं नक्की. फवारणी बंद करा असं मी त्यांना सांगितलं नाही. तेल्यानं बाग गेलेला माणूस मी पाहिला आहे. छाटणीचा रोगट पाला बागेबाहेर नेऊन जाळा, हत्यारं निर्जंतुक करा, आणि गरज नसताना केवळ शेजाऱ्यानं मारलं म्हणून बोर्डो मारू नका, एवढं सांगितलं.

गांडूळखत विकत घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बेडमध्ये कचरा कुजतो तेव्हा कर्ब उडून जातो आणि ढीग खाली बसतो. धातू मात्र जेवढा होता तेवढाच उरतो. म्हणजे किलोमागे धातू वाढतो. गांडूळ त्यातला थोडा आपल्या अंगात घेतं, पण तेवढ्यानं हिशेब फिरत नाही. शिवाय गांडुळाच्या वावरामुळे काही धातू उलट जास्त विरघळणारे होतात, रोपाच्या मुळांना सहज मिळतात, असंही अभ्यासांत वारंवार दिसलं आहे. आपल्या खत नियंत्रण आदेशात, १९८५ च्या, गांडूळखतासाठी धातूंच्या मर्यादा दिलेल्या आहेत: किलोमागे कॅडमियम ५ मिलिग्रॅम, निकेल ५०, क्रोमियम ५०, शिसं १००. चांगल्या खतवाल्याकडे तपासणीचा कागद असतो, तो मागायला लाजू नये. रंगाईचा गाळ, मुलाम्याच्या टाकीचा गाळ, छापील चकचकीत कागद, रंगवलेल्या लाकडाचा भुसा हे गांडुळाच्या बेडमध्ये घालून "जैविक पद्धतीनं विल्हेवाट लावली" असं कुणी म्हणत असेल, तर ते लोकांच्या ताटात विष वाढणं आहे. इतकं स्पष्ट म्हणायला मला काही वाटत नाही. असल्या गाळासाठी २०१६ चे घातक कचऱ्याचे नियम आहेत. त्याची जागा शेत नव्हे.

आणि गांडूळ एकटं कुठं असतं? नांगर चालला की मागं गायबगळे येतात, साळुंक्या येतात, कोतवाल येतो. दारच्या कोंबड्या तर दिवसभर तेच उकरतात. शिशानं दूषित परसातल्या कोंबड्यांच्या अंड्यांत शिसं सापडतं, हे अनेक देशांत दिसून आलं आहे. कॅडमियम आपल्या शरीरात शिरलं की मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. गांडुळात जे मेटॅलोथायोनिन ते बांधून ठेवतं, त्याच कुळातली प्रथिनं आपल्यातही आहेत. जपानमध्ये जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचं कॅडमियम भातशेतीत उतरलं. तिथल्या बायकांची हाडं इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानंही मोडत. दुखण्याच्या विव्हळण्यावरूनच त्या रोगाला इताई-इताई नाव पडलं. तो प्रदूषणाचा रोग आहे हे जपान सरकारनं १९६८ साली मान्य केलं. तोवर कितीतरी बायका गेल्या होत्या.

म्हणून नाल्याकाठच्या त्या जमिनीत निदान पालेभाजी तरी नको, असं मी तात्यांना म्हटलं. पालकासारखी पालेभाजी फळांपेक्षा आणि दाण्यापेक्षा कॅडमियम सहज उचलते. ते म्हणाले, "मंग गांडुळं काढून टाकू का तिथली?" काढायची कशाला? पाचट कुजवणं, जमीन भुसभुशीत करणं, पाणी मुरवणं ही त्यांची कामं ती करतच राहणार, आणि काळ्या मातीला त्याची गरज आहे. फक्त शुद्धीकरणाचं काम त्यांच्या गळ्यात मारू नये. त्यांच्याकडून वेगळंच काम घेता येतं, आणि ते आपण सोलापुरात करावं असं मला मनापासून वाटतं. मातीच्या अहवालात एकूण कॅडमियम किती ते कळतं. त्यातलं सजीवाच्या अंगात खरंच किती शिरतं, हे गांडूळच सांगतं, कारण ते कातडीनं आणि तोंडानं दोन्हीकडून रोज त्याच मातीत असतं.

काम फार खर्चिक नाही. महाविद्यालयातल्या मुलांना करता येईल. पाऊस होऊन रान वापशावर आलं की नाला शहरात शिरण्याआधीच्या वरच्या अंगाला एक जागा घ्यायची, आणि खालच्या अंगाला पाणी पिकाला देतात तिथं दुसरी. दोन्हीकडची वितभर खोलीची माती घ्यायची आणि त्याच मातीत जन्मलेली गांडुळं घ्यायची. बेडमधली विकत आणलेली नकोत, ती शेणात राहणारी जात, काळ्या रानात तिला काही कळत नाही. गांडुळं धुवायची, कागदावर रात्रभर पोट रिकामं करू द्यायची, सुकवायची, नायट्रिक आम्लात विरघळवायची आणि विद्यापीठातल्या किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतल्या यंत्रावर शिसं, कॅडमियम, तांबं, क्रोमियम मोजून घ्यायचं. मातीचा आकडा आणि गांडुळाचा आकडा शेजारीशेजारी लिहायचा, आणि तो कागद ज्याची जमीन आहे त्याच्या हातात द्यायचा. खालच्या अंगाची उरलेली गांडुळं कौतुकानं दुसऱ्याच्या शेतात नेऊन सोडायची नाहीत. जिथली तिथंच सोडायची.